खडीवरच्या सुना

दुष्काळात माणसं म्हातारी होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पोरी एका रात्रीत बाया होतात, हे मात्र खडीच्या कामावर गेल्याशिवाय कळत नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दिघंचीहून म्हसवडकडे जाणाऱ्या रस्त्याला सरकारनं खडी फोडायचं काम काढलं होतं, आणि त्या कामावर जिकडे बघावं तिकडे सुना बसलेल्या होत्या. एवढ्या सुना त्या माळानं कुठल्या लग्नसराईत पाहिल्या नसतील. अंगापेक्षा मोठं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, गळ्यात काळे मणी, आणि नाक मनगटाला पुसायची सवय अजून गेलेली नाही, अशा या सुना.

कारण अगदी साधं होतं. काम सुरू झालं तेव्हा आयांच्या जोडीनं पोरंही खडी फोडत होती आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मग सांगलीहून हुकूम आला, की लहान पोरांना कामाला लावणं कायद्यात बसत नाही. पोर दिसलं तर मुकादमानं घरी बसावं. मुकादम होता तात्याबा. माणूस फार वाईट नव्हता, आणि फार चांगलं असायला त्याला सवड नव्हती. त्यानं संध्याकाळी बायांना गोळा केलं आणि तंबाखू मळता मळता सांगून टाकलं.

"उद्यापास्नं कामावर पोर दिसाय नगं. बाई दिसली तर माजं काय म्हणणं न्हाई. लुगड्यातली बाई किती वर्साची हाय, ते इचारायला मी काय तिचा मामा लागत न्हाई."

बायांना कळायचं ते कळलं. पोरग्यांना मिशा लावता येत नव्हत्या, म्हणून ते उरल्यासुरल्या शेरडांमागं गेले. पोरी दुसऱ्या दिवशी लुगडी नेसून आल्या.

साळूबाई विरकर ही त्यातल्याच एका सुनेची आई. तिचा नवरा केरबा मेंढरं घेऊन लोणंदच्याही पलीकडे, जिकडे हिरवं दिसेल तिकडे गेलेला होता. दिवाळीनंतर त्याचा एकच निरोप आला, तोही लोणंदच्या बाजारात भेटलेल्या कुणाच्या तरी तोंडून. निम्मी मेंढरं मेली, उरलेली जगवतो, पोरांना जप, एवढाच. घरी पोरं दोन. बारा वर्षांची भामा आणि तिच्या पाठीवर दोन जाऊन राहिलेला चार वर्षांचा गुंडा.

दिवसभर फोडलेल्या खडीला संध्याकाळी लाकडी चौकट लावून माप घेत. चौकट भरली तर दिवस भरला. साळूबाईच्या एकटीच्या हातांनी ती कधी भरत नसे, भामा शेजारी बसली की भरायची. चौकट भरली की घरात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी व्हायची, नाही भरली तर तिघांत दीड व्हायची. यात कायदा कुठं बसवायचा ते तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायला तिच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नव्हती.

तिच्याकडे लुगडी दोन. त्यातलं विटकं, चार ठिकाणी दांडलेलं तिनं भामाला नेसवलं. कुंकू होतंच. मणी कुठून आणायचे? तिनं आपल्या गळ्यातली गळसरी उसवली, निम्मे मणी दुसऱ्या दोऱ्यात ओवले आणि पोरीच्या गळ्यामागं गाठ मारायला घेतली. तिथं तिचे हात थोडे थांबले. हे मणी कुणी बांधायचे असतात आणि कधी बांधायचे असतात, हे तिला सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पण सकाळ होत आली होती आणि हजेरी चुकली तर दिवस गेला असता. तिनं गाठ मारली.

भामानं पत्र्याच्या डब्याच्या झाकणात स्वतःला बघून घेतलं.

"आये, मी तुजी धाकली जाऊ दिसती का गं?"

"जाऊ असती तर बोलली तरी असती धड. हसू नगंस. बाईमाणूस असं दात काढत न्हाई," साळूबाई म्हणाली. मग तिलाही हसू आलं, आणि हसताना तिचा जीव गलबलला.

तसे दिवस जाऊ लागले. चिंध्या गुंडाळलेली बोटं, हातोडी, खडी, ऊन. भामाचा हात लवकर बसला. डोळ्यांत कच उडू नये म्हणून घाव घालताना ती तोंड बाजूला फिरवायची, अगदी आईसारखं, आणि ते बघून साळूबाईला बरं वाटावं की वाईट, हेच सुचायचं नाही. शेजारच्या ढिगावर मनुबाई आणि तिची हरणा बसायच्या. हरणा भामापेक्षा वर्षानं लहान, तिलाही काळे मणी. दुपारच्या सुट्टीत या दोघी सुना पदराआड खडीचे पाच तुकडे निवडून सागरगोटे खेळत आणि तात्याबा तिकडे पाठ करून उभा राही.

दुपारी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे. ती आधी पोरांना, मग उरली तर मोठ्यांना. गुंडा वाटी घेऊन रांगेत उभा राहायचा. भामा आता बाई असल्यामुळे तिला त्या रांगेत जाता येत नव्हतं. पहिल्या दिवशी ती सवयीनं उठली होती. साळूबाईनं पदर ओढून तिला खाली बसवलं. नंतर ती रांगेकडे बघतही नसे. गुंडा कधी मूठभर आणून द्यायचा, कधी वाटेतच चाटूनपुसून मोकळा व्हायचा.

मग एक दिवस जीप आली. जीपमधून साहेब उतरला. चाळिशीचा, चष्म्यावर धूळ, चार कामं बघून आलेला आणि अजून तेवढीच बघायची राहिलेली, असा त्याचा चेहरा. तो ढिगांमधून चालत आला, एकेका सुनेकडे बघत. त्याला दिसत नव्हतं असं नाही. तो भामापाशी थांबला, कारण घाईत तिच्या लुगड्याचा काष्टा सुटला होता आणि ती तो दोन्ही हातांनी पाठीमागं कोंबत होती.

"ही मुलगी कोण, बाई?"

"माजी लेक हाय, सायेब. लगीन झालंय तिचं," साळूबाई म्हणाली.

"वय काय?"

"सोळा सरलं."

साहेबानं चष्मा काढून पुसला. "पंधराच्या आत मुलीचं लग्न केलं तर तोही गुन्हा आहे, माहीत आहे ना? म्हणजे लहान असून कामावर असली तरी चूक, आणि लहान असून लग्न झालेलं असलं तरी चूक."

"सोळा सरलं म्हणलं न्हवं, सायेब."

साहेब भामाकडे वळला. "नवऱ्याचं नाव काय गं तुझ्या?"

भामानं खाली मान घातली. लाजली नव्हती ती. काय सांगायचं तेच तिला माहीत नव्हतं. पण खाली घातलेली मान तेवढी शोभून दिसली. मनुबाई पलीकडून म्हणाली, "आवं सायेब, ती कशी घील नाव? बाईमाणूस कवा नवऱ्याचं नाव घेतं व्हय?"

हे साहेबालाही ठाऊक होतं. त्याच्याही घरात कुणी त्याचं नाव घेत नसणार. तो साळूबाईकडे वळला. "बरं, तुम्ही सांगा."

साळूबाईनं सगळी तयारी केली होती. लुगडं, कुंकू, मणी. एक नवरा तेवढा ठरवायचा राहिला होता. तात्याबा बघत होता, मनुबाई बघत होती, आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या होत्या. नाव पटकन यायला हवं होतं, आणि पटकन जे आलं ते भामा पाळण्यात असल्यापासून घरात थट्टेनं घेतलं जायचं ते. आत्याचा मुलगा म्हणजे हक्काचा नवरा. पोर रडली की सगळे म्हणायचे, गप बस, नाहीतर धुळा न्यायचा नाही तुला.

"धुळा," ती म्हणाली. "धुळा गोरड. माज्या नणंदंचा ल्योक. म्हसवडच्या अंगाला असत्यात."

साहेबानं मान हलवली. खरं मानलं म्हणून नव्हे. थकला होता म्हणून. त्या एकीला उठवलं असतं तर सगळ्याच उठवाव्या लागल्या असत्या, आणि उठवून त्यांना पाठवायचं कुठं, हे हुकमात कुठं सांगितलेलं नव्हतं. जीप धूळ उडवत निघून गेली. बायांनी सुटकेचा श्वास सोडला आणि साळूबाईची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून तात्याबानं हजेरीला "भामा धुळा गोरड" अशी हाक द्यायला सुरुवात केली. भामा हरणाकडे बघून गालातल्या गालात हसायची आणि "हजर" म्हणायची.

साळूबाईला त्या हाकेनं रोज कसंतरी व्हायचं. पण रोजच एवढं काही कसंतरी होत होतं की त्यात हे एक जास्तीचं.

महिनाभरानं तिची नणंद धोंडुबाई दारात उभी राहिली. केरबाची थोरली बहीण. उन्हातून पायी आलेली, काखेत गाठोडं. तिच्या धुळाची बायको मागल्या वर्षी बाळंतपणात गेली होती आणि तान्हं पोर मागं राहिलं होतं, हे साळूबाईला माहीत होतं. दुष्काळात बिजवराला पोर कोण देतो, म्हणून धोंडुबाई दारोदार फिरून आली होती, हेही कानावर होतं. तरी नाव घेताना तिच्या ध्यानात आलं नाही. खडी फोडून फोडून डोक्याचंही तसंच झालं होतं.

धोंडुबाई पाणी प्याली, गाठोडं सोडलं. आत हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं.

"म्हसवडच्या बाजारात चौघींनी मला इचारलं, सून आणली आन् जेवाण न्हाई घातलं? मी म्हणलं, कुठली सून? मग कळलं."

"वन्सं, ती थाप मारली. कामापायी. सायेब इचारत हुता, तोंडाला आलं ते नाव घेतलं."

"तोंडाला दुसरं न्हाई आलं न्हवं? आमचंच आलं." धोंडुबाईच्या आवाजात राग नव्हता, तिलाही दम लागला होता. "सरकाराम्होरं नाव घेतलंस, साळू. रोज सकाळी चारचौघांत पुकारत्यात, भामा धुळा गोरड. नाव आमच्या घरचं आन् पोर तुज्या घरी, ही कुठली रीत? लोक म्हणत्यात सासूनं टाकली."

"बारा वर्साची हाय ती."

"मी धाची आल्ते. तू कितीची आल्तीस?"

साळूबाई अकराची आली होती. 

"माज्या कंबरंत जीव न्हाई ऱ्हायला," धोंडुबाई म्हणाली. "पानी पार वढ्याच्या पल्याडनं आणायचं. धुळा मेंढरामागं. ते लेकरू रातभर रडतं आन् मी त्येला घिऊन बसती. मला घरात माणूस पायजे गं. बुधवारी येती धुळाला घिऊन. कामावरच येती. त्या दिशी सायेब बी यायचाय म्हणत्यात. ज्येच्याम्होरं नाव घेतलंस, त्येच्याम्होरंच पोर दे."

जाताना तिनं भामाला जवळ घेऊन तिच्या तोंडावरून हात फिरवला. भामाला आत्ती आवडायची. ती आत्तीला वेशीपर्यंत सोडायला गेली.

साळूबाई चुलीपुढं बसून राहिली. तिला धोंडुबाईचा राग येत नव्हता, तीच खरी पंचाईत होती. राग आला असता तर सोपं गेलं असतं. त्या घरातलं पाणी, ते रडणारं पोर, ती मोडलेली कंबर सगळं तिला दिसत होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध भामा दिसत होती. खडी वाईट खरीच, पण खडीचं काम संध्याकाळी सुटतं. तात्याबा शिट्टी मारतो आणि पोर हातोडी टाकून हरणाच्या मागं पळत सुटते. त्या घरात शिट्टी कोण मारणार होतं? आपण अकराव्या वर्षी आलो ते अजून सुटलेलो नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच रडली.

मंगळवारी तिनं मनुबाईला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. गोष्ट सगळ्या कामावर फिरली होती.

"मग काय करणार हाईस?" मनुबाईनं हातोडी न थांबवता विचारलं.

"सायबाला खरं सांगावं म्हणती. लगीन झालं न्हाई म्हणून."

मनुबाईची हातोडी थांबली. "आन् मग? तू म्हणणार तुजी बारा वर्साची हाय. सायेब म्हणंल, मग ह्या बाकीच्या कितीच्या? माजी हरणा? त्या तिकडच्या दोघी? सगळ्यांची लुगडी फिटत्यात बग तुज्या एका बोलण्यानं. माजी चौकट कोण भरणार, तू?" ती थोडी जवळ सरकली. "लगीन आज ना उद्या हायच की, साळू. घरचाच पोरगा हाय. मारणार न्हाई, टाकणार न्हाई. तुजं एक खाणारं तोंड कमी हुतंय. गप ऱ्हा."

मनुबाई वाईट बाई नव्हती. मागल्या महिन्यात साळूबाईला ताप होता तेव्हा तिनं स्वतःच्या ढिगातल्या दोन पाट्या साळूबाईच्या ढिगात ओतल्या होत्या. म्हणून तर तिचं बोलणं असं चिकटून बसलं. साळूबाई दिवसभर खडी फोडत राहिली आणि प्रत्येक घावाला एकदा सांगावं, एकदा न सांगावं, असं तिचं चाललं.

बुधवारी ऊन चढल्यावर जीप आली आणि तिच्या मागोमाग माळावरून धोंडुबाई आली. हातात हिरवं लुगडं. मागं धुळा, तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, काठी. पंचविशीच्या पुढचा, उंचापुरा, मान खाली. त्याला हे सगळं नको होतं की हवं होतं ते कुणी विचारलं नसावं. तो जरा लांब, बाभळीच्या बुंध्याला टेकून उभा राहिला.

धोंडुबाई थेट साहेबापुढं गेली. "सायेब, ही भामा माजी सून. तुमाला हिच्या आईनं नाव सांगितलंय. मी तिला न्यायला आलीय."

साहेबानं साळूबाईकडे बघितलं. त्याला तिचा चेहरा आठवायला वेळ लागला. "मग? नेऊ द्या की. तुमचा घरचा मामला आहे."

"घरचाच हाय," धोंडुबाई म्हणाली. "पर ही साळू आता म्हणती लगीनच झालं न्हाई. सरकारात नाव लागलंय, आन् म्हणती झालं न्हाई."

आजूबाजूच्या हातोड्या थांबल्या. मनुबाईनं हरणाचा पदर डोक्यावरून पुढं ओढला. तात्याबा तंबाखूची डबी उघडून तशीच धरून उभा राहिला. भामा आत्तीला बघून उठली होती, अर्धवट हसत, मग सगळ्यांचे चेहरे बघून तिचं हसू विरलं.

"काय हो बाई," साहेब म्हणाला, "झालंय की नाही लग्न? एक काय ते सांगा. मला अजून दोन कामं गाठायची आहेत."

साळूबाईनं हरणाकडे बघितलं. मनुबाईची नजर तिच्या पाठीला टोचत होती.

"गळ्यात मणी हाईत की," धोंडुबाई म्हणाली. "बगा, सायेब." ती पुढं झाली आणि तिनं भामाच्या गळ्यातले मणी बोटांवर घेतले. मग तिची नजर साळूबाईच्या गळ्याकडे गेली. ती गळसरी धोंडुबाईच्या आईची होती, केरबाच्या लग्नात तिच्याच हातांनी दिलेली. निम्म्यानं ओसाड झालेली. धोंडुबाईनं ती ओळखली, आणि बोटांवरचे मणी सोडून दिले. पण आलेली माणसं अशी परत जात नाहीत. ती म्हणाली, "कुणी का बांधेना. बांधलंत तर खरं."

साहेबानं उसासा टाकला. "मुली, तूच सांग. तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

भामानं आईकडे बघितलं. मागच्या वेळी मान खाली घातली तेव्हा सगळं सुरळीत झालं होतं. आताही तिनं खाली घातली.  तेवढ्या एका खाली घातलेल्या मानेवर सगळ्यांची चौकट भरत होती.

"मान वर कर, भामे," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "घे नाव. तू त्येला कशी हाक मारतीस, तशी मार. मोठ्यानं."

"आये..."

"मार म्हणती न्हवं."

भामाचा चेहरा उजळला. एवढंच होतं तर मग. तिनं तोंडाला हात लावला आणि माळावर लांब गेलेल्या मेंढक्याला बोलवावं तशी साद घातली.

"ए धुळादादा..."

आणि बाभळीपासून, जराही विचार न करता, त्या उंचापुऱ्या माणसानं उत्तर दिलं, "ओ, काय गं भामे?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी हसली. तात्याबा पलीकडे तोंड करून हसला. धुळाच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण तो चिडला नाही, त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखा सरळ उभा राहिला. धोंडुबाई मात्र तशीच थिजली होती. सासूच्या तोंडावर, चारचौघांत, नवऱ्याचं उघडं नाव, आणि वर दादा.

"असं कुणी नवऱ्याचं नाव घेतं व्हय," ती पुटपुटली.

"न्हाईच घेत, वन्सं," साळूबाई म्हणाली. "नवराच न्हाई तिला. पोर हाय माजी, बारा वर्साची. सायेब, मी खोटं बोलले. लगीन न्हाई, सोळा न्हाई. लुगडं माजं, मणी माजं. काय करायचं ते माजं करा."

बोलून झाल्यावर ती आपल्या ढिगावर बसली.

धुळा पुढं आला. "चल, आये," तो हळूच म्हणाला आणि आईच्या हातातलं लुगडं आपल्या हातात घेतलं. धोंडुबाई वळली. थोडं पुढं गेल्यावर तिनं कंबरेवर हात ठेवला आणि धुळानं तिला आधार दिला. ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत साळूबाई बघत राहिली. जिंकल्यासारखं तिला काडीभरही वाटत नव्हतं. ते रडणारं लेकरू आजही रडणारच होतं.

पुढचं मनुबाईनं सांगितलं होतं तसंच झालं. साहेबाला आता डोळेझाक करायला जागा राहिली नव्हती. त्यानं तात्याबाला बोलावून खडसावलं, ढिगाढिगावरून फिरला आणि लुगड्यातल्या पोरी एकेक करून उठवल्या. कुणी रडली, कुणी उठताना हातोडी बरोबर घेऊन उठली, ती तिच्या हातातून काढून घेतली. "आजपासून एकही मूल खडीवर दिसता कामा नये. यांचं वय हे नाही," तो म्हणाला. ते त्यानं मनापासून म्हटलं, आणि ते खरंही होतं. मग जीपकडे जाता जाता तो थांबला, कारण उठवलेल्या पोरी उन्हात घोळक्यानं तशाच उभ्या होत्या.

"यांना त्या झाडाखाली बसवा," त्यानं तात्याबाला सांगितलं. "तान्ही मुलं असतील त्यांना बघतील. ते काही काम नव्हे."

दुसऱ्या दिवशी साळूबाई हजेरीला गेली तेव्हा मनुबाईनं आपला ढीग पार टोकाला नेला होता. बाकीच्या बायाही सरकल्या होत्या. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही, भांडायलाही ओलावा लागतो. पाणी प्यायला गेली तर घागर लांब सरकवायच्या, एवढंच. एकीनं जाता जाता म्हटलं, "तुजी लेक वाचली गं, बाई," आणि त्यात चांगलं काही नव्हतं. साळूबाईनं हातोडी उचलली. त्यांचं चुकत होतं असं तिला म्हणता येईना. भामाला वाचवताना तिनं हरणाची भाकरी मोडली होती, आणि मनुबाईच्या त्या दोन पाट्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

तात्याबाचं काम गेलं नाही. त्यानं हजेरी घेतली आणि भामाचं नाव आलं तिथं नुसतंच खाकरून पुढं गेला.

भामा तिच्या जुन्या परकरात आली होती. परकर या उन्हाळ्यात पोटऱ्यांपर्यंत वर गेला होता. झाडाखाली बायांची तान्ही लेकरं चिंध्यांच्या झोळ्यांत टांगलेली होती. दिवसभर ती त्यांना झोके देत होती, एक निजलं की दुसरं उठत होतं. हरणा तिच्याशी बोलत नव्हती, पण दोघींच्या काखेला एकेक लेकरू होतं आणि दोघी एकाच झाडाच्या सावलीत येरझाऱ्या घालत होत्या. हे काम नव्हतं, म्हणून त्याचं माप घ्यायला कुणी चौकट आणत नव्हतं.

साळूबाईनं काढून घेतलेले मणी पदराच्या गाठीत बांधले होते. ते पुन्हा ओवायला तिला सवड झाली नव्हती.

दुपारी सुकडी आली. वाटप करायला बाळासो म्हणून एक पोक्त माणूस होता, तो पातेल्यामागं बसला. पोरांची रांग लागली. भामा काखेतलं लेकरू सावरत, गुंडाचा हात धरून रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढं जायला अजून बिचकत होती. मधेच तिनं आईकडे बघितलं, कुणी पदर ओढून बसवतं की काय म्हणून. साळूबाई बसल्या जागेवरून हललीही नाही.

भामाची पाळी आली तेव्हा बाळासोनं वर बघितलं. रांगेत हे पोर नवीन होतं.

"नाव काय गं?"

"भामा."

"पुरं सांग की. नुसत्या भामा दहा हाईत हितं."

भामा थांबली. साळूबाईची हातोडी वरच्या वर राहिली. टोकाच्या ढिगावरून मनुबाईही बघत होती.

"भामा केरबा विरकर," ती म्हणाली.

बाळासोनं तिच्या वाटीत डाव उपडा केला. तिनं तिथंच, रांगेतून बाजूला न होता, तोंड भरून घेतलं आणि उरलेलं काखेतल्या लेकराच्या ओठांना लावलं. ते मनुबाईचं धाकटं होतं. साळूबाईच्या डोळ्यांना धार लागली, ती तिनं कच गेल्यासारखी पदरानं पुसली. केरबा कुठल्या डोंगरात होता देव जाणे, पण त्याचं नाव पोरीच्या मागं परत येऊन उभं राहिलं होतं.

"साळूबाई, बगत काय बसलीस? हात चालव," तात्याबा लांबून ओरडला.

तिनं हातोडी खाली आणली. ऊन कलेपर्यंत ती फोडत राहिली. शिट्टी झाली, चौकट आली, आणि नेहमीप्रमाणे तिच्या ढिगापाशी थांबली. ती निम्मीच भरली.